मोरीतल्या बाटलीचं रीडिंग

भिसेगावच्या कमळाकरांच्या घरात त्या रविवारी कुणाचीच आंघोळ झाली नाही, कारण मोरीत समुद्र ठेवला होता.

समुद्र म्हणजे आठ बाटल्यांपुरताच. कमळाकरांची लेक दीप्ती समुद्राच्या पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींवर संशोधन करत होती. या वनस्पती अंधारात किती श्वास घेतात आणि त्यापायी किती ऑक्सिजन खातात, हे मोजायचं. पाणी बाटलीत भरायचं, बूच घट्ट लावायचं, बाटलीला काळं फडकं गुंडाळायचं आणि बारा तास अंधारात ठेवून आतला ऑक्सिजन किती उतरला ते बघायचं. एरवी हे सगळं मुंबईच्या प्रयोगशाळेत व्हायचं. पण तिथे नेमकी शनिवार-रविवार वीजदुरुस्ती निघाली, आणि भरून आणलेलं पाणी सोमवारपर्यंत थांबणारं नव्हतं. मेचा शेवटचा आठवडा होता. जूनपासून समुद्रातून पाणी आणायची बोट बंद, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दीप्तीचा तीन वर्षांचा अहवाल समितीपुढे जायचा होता. या शेवटच्या प्रयोगाची जागा त्यात रिकामी राहिली तर शिष्यवृत्ती बंद. म्हणून शनिवारी ती बर्फाच्या पेटीत बाटल्या घालून थेट घरी आली. मोरीला खिडकी नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

“आनि आमी आंघोळीला कुठं जायचं गं?” सुंदराबाईंनी विचारलं.

“एकच दिवस, आई. सात वाजेपर्यंत.”

“एक दिवस म्हनं. मेचं ऊन हाय, मानूस नुसतं शिजतंय.”

पण लेकीचा चेहरा पाहून त्यांनी मोरीतल्या बादल्या बाहेर काढल्या. सकाळी सातला निळ्या टबात पाणी भरून आठ बाटल्या त्यात उभ्या राहिल्या. टबाचं पाणी अठ्ठावीस अंशांवर राहावं म्हणून बर्फाचे खडे तयार होते. आठव्या बाटलीच्या बुचातून एक वायर बाहेर येत होती आणि ती एका छोट्या मीटरला जोडली होती. आतला ऑक्सिजन किती, ते त्या मीटरवर आकड्यात दिसत होतं. दीप्तीला मात्र थांबता येत नव्हतं. खोपोलीच्या एका कॉलेजात तिच्या मैत्रिणीने प्रयोगशाळेतलं एक टेबल दिवसभरासाठी मिळवून दिलं होतं, तिथे जाऊन सुरुवातीच्या पाण्याची तपासणी करायची होती. तिच्या मार्गदर्शक म्हसे मॅडम पुण्याहून तिथेच येणार होत्या, आणि संध्याकाळी सातला दोघी मिळून घरी.

“मग रीडिंग कोन घेनार?” कमळाकरांनी विचारलं. विचारलं ते अशा आवाजात, की उत्तर एकच असू शकत होतं.

कमळाकर साजगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं पॅनेलवर होते. दर तासाला बॉयलरचा दाब, तापमान, पाण्याची पातळी लॉगशीटवर लिहायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण हात अजून शिवशिवत होते. घरातल्या गॅसच्या सिलिंडरवर ते तारीख लिहून ठेवत. फ्रिजवर थर्मामीटर चिकटवण्याचा त्यांचा बेत सुंदराबाईंनी हाणून पाडला होता.

“पप्पा, ही वायरवाली बाटली सगळ्यात महत्त्वाची,” दीप्ती सांगू लागली. “दर तासाला हिचा आकडा आणि टबाचं तापमान या कागदावर लिहायचं. हिच्यावर सगळ्या प्रयोगाची भिस्त आहे. कारण हिच्यात...”

“कारन मला नको सांगू,” कमळाकरांनी हात वर केला. “कोनाला शिकवते? तू पाळन्यात व्हतीस तवापास्नं रीडिंग घेतोय मी. ते श्वास घेतात, ऑक्सिजन उतरतो. रात्री जेवताना सांगितलंस ना सगळं. नीघ तू, गाडी चुकंल.”

गाडी खरंच चुकत होती. दीप्ती निघाली.

सातचं रीडिंग सहा पॉइंट ब्याऐंशी. कमळाकरांनी ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. आठचं सहा पॉइंट ऐंशी. तेही लिहिलं. आणि मग, बाबांनो, तीस वर्षांची सवय उफाळून आली.

सवय अशी होती. कारखान्यात शिफ्टला आल्या आल्या चांगला पॅनेलवाला पूर्ण आठ तासांचं लॉगशीट एका बैठकीत भरून मोकळा होई. बॉयलर रोजचा, दाब रोजचा, मग दर तासाला उठून बघायचं काय? कमळाकर यात उस्ताद होते. साधे नवखे लोक सगळीकडे एकच आकडा लिहीत आणि पकडले जात. कमळाकर आकडे जरा वर, जरा खाली नाचवत. मध्येच पेन बदलत. एका ठिकाणी खाडाखोड करून बाजूला सही ठोकत, कारण खाडाखोड नसलेल्या कागदावर साहेबाचा विश्वास बसत नाही. एकदा तर कारखाना दुपारभर बंद होता तरी त्यांच्या शीटवर बॉयलर उत्तम चालला होता.

इकडे मोबाइल वाजत होता. लडकू. जुना कारखान्यातला सोबती, आता खालापूरकडे शेततळ्यात मासे पाळणारा.

“कमळाकर, कुठं हायस रं? दहिवलीच्या मैदानावर ये. आपली टीम सेमीला हाय, नेरळवाल्यांसंगं!”

कमळाकरांनी मीटरकडे पाहिलं. तासाला दोन-तीन पॉइंट उतरतंय. म्हणजे पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल. त्यांनी पाटावर बसून संध्याकाळी सातपर्यंतचे आकडे भरले. शेवटचा आकडा सहा पॉइंट चव्वेचाळीस. दोन पेनं वापरली. अकराच्या ओळीवर एक सुबक खाडाखोड केली. कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा एक थेंब पाडला. मग कागदाची घडी खिशात घातली आणि सुंदराबाईंना “आलोच” म्हणून ते मैदानावर गेले.

अकरा वाजता दीप्तीचा फोन आला.

“पप्पा, आता किती?”

कमळाकरांनी खिशातला कागद उघडला. “सहा पॉइंट एकाहत्तर.”

दीप्तीने घाईने विचारलं, “खाली आलाय?”

“हो तर! मस्त उतरतोय.”

“पप्पा, जरा परत बघून सांगता?”

मोरीत जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कमळाकर गप्प उभे राहिले. तेवढ्यात एक चौकार बघून झाला. “एकाहत्तरच हाय.”

“तो आवाज कसला?”

“टीव्ही. तुझ्या आईनं लावलाय.”

“बरं,” दीप्ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. कमळाकरांना वाटलं, पोरगी बापाच्या कामाने भारावली.

एकला पुन्हा फोन. या वेळी सहा पॉइंट पासष्ट. दीप्ती म्हणाली, “मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळी येऊन मीटर स्वतः बघतात.”

त्या “स्वतः”ने कमळाकरांचं सामन्यावरचं लक्ष उडालं. कारखान्यात साहेब शीट बघत, मीटर कधी बघत नसत. ही बाई मीटर बघणार. म्हणजे सातला मीटरवर चव्वेचाळीसच यायला हवा. भिसेगावला शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या, तरी ते लडकूचा हात धरून उठले.

“आरं, येक ओवर राह्यली फक्त!” लडकू कळवळला.

“चल म्हनतो ना!”

घरी येऊन त्यांनी मोरीचं दार किलकिलं केलं आणि अंधार मोडू नये म्हणून दीप्तीने लाल कागद लावून ठेवलेली बॅटरी मीटरवर मारली. सहा पॉइंट ऐंशी.

सकाळी आठला सहा पॉइंट ऐंशी, दुपारी दीडला सहा पॉइंट ऐंशी. त्यांनी मीटरला टिचकी मारली. आकडा जागचा हलला नाही. श्वास घेतला तर ऑक्सिजन उतरणार, उतरला नाही म्हणजे श्वास नाही, आणि श्वास नाही म्हणजे... कमळाकरांनी मोरीच्या दारातूनच हाक मारली.

“सुंदरा! अगं, मेले गं!”

“कोन?” सुंदराबाई पोळपाट टाकून धावत आल्या.

“दीप्तीची झाडं. एकजात सगळी. माझ्या हातनं मेली.”

“तुमच्या हातनं कशी मरतील? तुमी तर घरातच नवता,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि तेवढंच बोलून पुन्हा पोळ्यांकडे वळल्या. हे बोलणं कमळाकरांना सगळ्यात जास्त लागलं.

आता कागदाच्या पुढच्या बाजूला आपण काय लिहून ठेवलंय, हे पाहवेना. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. दीड वाजता ऐंशी, टब अठ्ठावीस. पावणेदोनला ऐंशी. दोनला ऐंशी. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे ते बसले. अडीचला आकडा एकोणऐंशी झाला.

“लडकू! हलला! जित्तं हाय कोनीतरी!”

दोघांनी श्वास रोखून धरला, न जाणो आपणच त्यांचा ऑक्सिजन खाल्ला तर. पावणेतीनला पुन्हा ऐंशी.

“गेला,” लडकू हळहळला. मग त्याचं मासेवाल्याचं डोकं चालायला लागलं. “कमळाकर, ऐक. माझ्या तळ्याचं पानी हिरवंगार हाय. त्यात काय असतं? हेच, बारीक जीव. पेलाभर पानी आनतो, त्यात मूठभर मीठ घालू. झाला समुद्र. दे बाटलीत ओतून, सातपरेंत सपासप श्वास घेतील. आकडा येतो खाली.”

कमळाकरांना पटलं नाही असं म्हणता येणार नाही. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर आख्खं शेततळं होतं. लडकू मोटारसायकलवर खालापूरला गेला आणि साडेचारला तेलाच्या कॅनमध्ये हिरवं पाणी घेऊन आला. कमळाकरांनी कॅनमध्ये मीठ टाकलं, ढवळलं, बोटाने चाखून थू थू केलं आणि ते मोरीत शिरले. त्यांचा हात बुचावर गेला, तेवढ्यात दारात सुंदराबाई उभ्या.

“कागद खोटा लिवलात. मी बोलले नाय. आता पानी पन खोटं करता?”

“मग करू काय? पोरीचं वर्स जाईल गं!”

“जाईल तर खरं सांगून जाऊ द्या. बोटीवर वकाऱ्या काढत ती पानी भरते, तीन वर्सं झाली. आल्यावर दोन दिस तिच्या पोटात अन्न ठरत नाय. तुमी तिला तळ्यातलं शेवाळ देनार? तिनं उद्या त्याच्यावर पुस्तक लिवायचं?”

कमळाकरांचा हात बुचावरून खाली आला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बनियनला पुसलं. लडकूने कॅन मुकाट्याने अंगणात नेऊन ठेवला. त्यानंतर सातपर्यंत कमळाकर मोरीच्या दारातून उठले नाहीत. चहा तिथेच घेतला. दर पंधरा मिनिटांनी ऐंशी लिहिताना त्यांचा हात जड होत होता, पण एकही आकडा त्यांनी आधी लिहिला नाही.

सातला गाडी दारात थांबली. दीप्तीचे डोळे लाल होते. म्हसे मॅडम साठीच्या, बारीक अंगाच्या, दिवसभराच्या कामाने थकलेल्या दिसत होत्या. “कागद बघू,” एवढंच त्या म्हणाल्या.

कमळाकरांनी कागद दिला. मॅडमनी पुढची बाजू वाचली. वरून खाली, एकेक ओळ. “फार एकसारखा उतरलाय,” त्या दीप्तीला म्हणाल्या. “फोनवर सांगितलंस ते खरं निघालं. सॉरी, बाळा. मीटर मी बघतेच, पण बाकीच्या बाटल्या मोजण्यात आता अर्थ नाही. ओतून टाक.”

दीप्तीने मान हलवली. ती मोरीकडे निघाली तेव्हा तिचे खांदे पडलेले होते. कमळाकरांना काही उमगत नव्हतं. एवढी सुरेख उतरण लिहून दिली, तरी बाई ओतून टाक म्हणते? पण आता समजून घ्यायची वेळ नव्हती. ते आडवे झाले.

“मॅडम, थांबा! खोटं हाय ते. पुढची बाजू सगळी खोटी. सकाळची दोन रीडिंग खरी, बाकीची मी एकदम भरली. तो चहाचा डाग पन मीच पाडला.” त्यांनी कागद उलटा करायची खूण केली. “खरं मागं लिवलंय. पन ते वाईट हाय, मॅडम. ऑक्सिजन उतरलाच नाय. सकाळपास्नं जिथल्या तिथं. सगळी मेली. चूक माझी, पोरीला बोलू नका.”

मॅडमनी कागद झटकन उलटा केला. दीप्ती धावत आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली.

“ऐंशी, ऐंशी, ऐंशी,” म्हणत मॅडमनी मोरीत जाऊन मीटरवर बॅटरी मारली; तिथेही ऐंशीच. “एकदाच एकोणऐंशी. पुन्हा ऐंशी. दीप्ती, हललाच नाही गं!”

“हललाच नाही!” दीप्तीने मॅडमना मिठी मारली. मग मिठी मारली आईला. मग लडकूला काहीच कळत नसताना त्याचाही हात हलवला. “पप्पा, खरंच? नक्की हलला नाही?”

“नाय हलला,” कमळाकर कातावले. “मेली म्हनून सांगतोय, आनि तुमी नाचताय?”

“मरतील कशी? त्या बाटलीत कुणी नव्हतंच!”

“म्हंजे?”

“ते गाळलेलं पाणी होतं, पप्पा. अगदी बारीक चाळणीतून, सगळे जीव काढून टाकलेलं. सकाळी तेच सांगत होते, तुम्ही सांगू दिलंत कुठे? झाडं बाकीच्या सात बाटल्यांत आहेत. ही कोरी बाटली पडताळ्यासाठी असते. तिच्यात आकडा हलला नाही, तरच बाकीच्यांतला ऑक्सिजन झाडांनी खाल्ला असं म्हणता येतं. तुम्ही अकराला एकाहत्तर सांगितलंत आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. वाटलं, पाण्यात घाण गेली, सगळा प्रयोग गेला. दिवसभर रडतेय मी खोपोलीत.”

कमळाकर आ वासून बघत राहिले. म्हणजे नसलेल्या झाडांना त्यांनी कागदावर दिवसभर श्वास घ्यायला लावला होता, आणि त्याच झाडांच्या मरणाचं सुतक दुपारपासून धरलं होतं. त्यांनी लडकूकडे पाहिलं. लडकू अंगणातल्या कॅनकडे पाहत होता. ते हिरवं पाणी त्या बाटलीत गेलं असतं तर, या विचाराने दोघांनाही घाम फुटला. मग कमळाकरांच्या छातीतून एवढा मोठा सुस्कारा निघाला की सुंदराबाई दचकल्या.

“आणि टबाचं तापमान?” मॅडमनी विचारलं. “दीडपर्यंत कुणी पाहिलं?”

“मी,” सुंदराबाई म्हणाल्या. “हे गेल्यावर दर तासाला बर्फाचे दोन खडे टाकले. काचेच्या कांडीवर अठ्ठावीसची रेघ दीप्तीनं दाखवली व्हती. लिवलं नाय मी. मला कोनी कागद दिला नवता.”

मॅडम हसल्या. त्यांनी दीप्तीला सातही बाटल्या पेटीत घ्यायला लावल्या. बुचं उघडून त्यांत औषधाचे थेंब पडले आणि पाणी विटकरी झालं. आता ते उद्यापर्यंत टिकणार होतं, त्याला काही धोका नव्हता. दीप्ती चहा घेता घेता पोह्यांची दुसरी बशी मागू लागली, तेव्हा कमळाकरांना भूक लागली.

निघायच्या आधी मॅडमनी कागद त्यांच्यापुढे ठेवला. पुढच्या बाजूवर त्यांनी सकाळची दोन रीडिंग सोडून तिरकी रेघ मारली होती. मागच्या बाजूला खाली ‘शेरा’ असा शब्द लिहून जागा सोडली होती.

“आठ ते दीड आकडे का नाहीत, ते लिहा.”

“काय लिवू?”

“जे झालं ते.”

तीस वर्षं कमळाकरांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘सर्व ठीक’ याखेरीज एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी पेन दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. मग सावकाश लिहिलं, ‘सकाळी आठ ते दुपारी दीड रीडिंग घेतले नाही. रीडिंग घेणारा क्रिकेटचा सामना बघायला गेला होता.’ खाली पूर्ण नावाची सही केली. सही करताना त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटलं.

मॅडमनी शेरा वाचला आणि कागद फाइलीत लावला. “बरं, जिंकलं कोण?”

“ते नाय ठाऊक, मॅडम,” कमळाकर म्हणाले. “शेवटच्या ओवरला नऊ रन पायजे व्हते. पन मी घरी आलो, कोनी नसलेल्या बाटलीत कोन मेलं ते बघायला.”